सूचना : बोअर युद्धकाळातील शेतकरी कुटुंबांचे तक्ते भरताना

दक्षिण आफ्रिकेत बोअर (डच वंशाचे शेतकरी) आणि ब्रिटिश यांच्यात झालेल्या १८९९-१९०२ च्या युद्धकाळातील कुटुंबांच्या वंशावळीचे तक्ते येत आहेत. त्यांत त्याच त्या चुका दिसतात, म्हणून ही आठवण.

शेताचे नुसते नाव पुरत नाही. रीटफाँटेन नावाची शेते कितीतरी आहेत. जिल्हा आणि शेताचा क्रमांक लिहाच. बायकांना माहेरच्या आडनावाने शोधा. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवत, त्यामुळे चुलतभाऊ एकाच नावाचे निघतात. मूल दगावले की पुढच्यालाही पुष्कळदा तेच नाव देत. तेव्हा 'दुबार नोंद' म्हणून खोडण्याआधी बाप्तिस्म्याच्या तारखा पाहा.

ब्रिटिशांनी बोअर कुटुंबांना ज्या छावण्यांत डांबले, त्यांच्या नोंदवह्यांत डच नावे इंग्रजी कानाने लिहिलेली सापडतात, म्हणून स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी तपासा. कुटुंब दुसऱ्या छावणीत हलवले की नोंद पुन्हा होते. माणसे दोनदा मोजू नका. शेतावरच्या कृष्णवर्णीय मजुरांची कुटुंबे वेगळ्या छावण्यांत होती. त्यांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत, पण म्हणून तो रकाना गाळायचा नाही.

१९०१ नंतर एखादा पुरुष दिसेनासा झाला तर लगेच मृत धरू नका. ब्रिटिशांनी पकडलेले बोअर युद्धकैदी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थानात पाठवले होते. काही तर आपल्या अहमदनगरात होते.

मृत्यूच्या सूचनेत (म्हणजे 'डेथ नोटिस', मृत्यूची माहिती देणारा सरकारी कागद; मृत्युपत्र नव्हे, हा घोळ नेहमीचा) आईवडील, जोडीदार व मुले असतात. ती कोणी दिली तेही टिपा. शेजाऱ्याने सांगितलेले वय कच्चेच धरायचे.