बाबांच्या ऑपरेशनआधी

प्रिय आई, बाबा,

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा. तुमच्या झोपेच्या गोळीचं मी भूलतज्ज्ञांना सांगून टाकलंय. किती वर्षं घेताय तेही. फॉर्मवर तुम्ही 'नाही' लिहिलं होतंत. चुगली वाटली तर वाटू दे. वय झालं की यकृत-मूत्रपिंडाचं काम मंदावतं, औषध अंगात रेंगाळतं. त्यावर गुंगीचं औषध पडलं की माणूस नंतर भलतंसलतं बोलतो, नळ्या ओढतो. रिकव्हरीत रोज बघते मी. बहुतेकांचं निवळतं हो, घाबरू नका. पण आता भीतीने गोळी एकदम बंदही करू नका, त्यानेही तेच होतं. डॉक्टर सांगतील तसंच.

आईच्या वेळचं डोक्यातून जात नाही. तिचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये, चष्मा माझ्या पर्समध्ये आणि कागदावर लिहिलेलं, 'पेशंट प्रतिसाद देत नाही'. तिला ऐकूच येत नव्हतं! आणि मी, स्वतः नर्स, बाहेर फोनवर.

म्हणून यावेळी 8 दिवसांची रजा टाकलीय. मंजूरही झाली, आता नको म्हणण्यात अर्थ नाही. बाबा, कवळी काढावीच लागेल, लाजू नका. गुंगी उतरली की लगेच बसवून देईन. थिएटर गार असतं आणि तुमच्या अंगातली ऊब लवकर जाते. गरम हवेचं पांघरूण असतं तिथे, हुडहुडी भरली तर मागून घ्या. टाचा गादीवर घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी ठेवायलाही सांगितलंय.

माझ्या टॉन्सिलच्या वेळी हाताला सलाईन होतं, म्हणून तुम्ही माझ्या पायाचा अंगठा धरून बसला होतात. डोळे उघडायच्या आधीच कळलं होतं कोण आहे ते. तुम्हाला पाठीत इंजेक्शन देणार, कमरेखाली काही कळायचं नाही. मी कपाळावर हात ठेवीन.

आता ऐका. खाणं आणि दूध 6 तास आधी बंद, पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल असं त्यांनी सांगितलंय. उगाच रात्रभर कोरडे राहू नका. दुखलं तर 'बरंय' म्हणायचं नाही. दुखण्यामुळे खोल श्वास घेतला नाहीत तर छातीत कफ साठतो. आणि एकट्याने उठायचं नाही म्हणजे नाही. पहिल्यांदा उभं राहताना बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. बेल दाबा.

आई, रात्री तू घरीच झोप. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं, तुझी पाठ मला माहीत आहे. दिवसा ये, त्यांना वार-तारीख सांगत राहा, खिडकीचा पडदा उघडा ठेव. काही वेडंवाकडं बोलले तर वाद घालू नकोस, नुसता हात धर.

आणि चष्म्याच्या डबीवर त्यांचं नाव लिहून ठेव, मोठ्या अक्षरात.

तुमची,
चिमी