चौकासाठी एक खोली सोडा

कोथरूड, पुणे

प्रिय मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नकाशा बाबांनी आणि मी टेबलावर पसरून नीट पाहिला. दीड गुंठ्यात चार बेडरूम बसवणं सोपं काम नाही. तरी माझं मत स्पष्ट सांगते: खालची गेस्टरूम काढा आणि तिथे, घराच्या मधोमध, वरून उघडा चौक ठेवा. पाहुण्यांची सोय हॉलमध्ये गाद्या घालूनही होते. उजेड-वाऱ्याची सोय घर बांधून झाल्यावर करता येत नाही.

तुमच्या प्लॉटच्या दोन्ही अंगांना इमारती आहेत. खिडकी उघडली की समोर शेजारची खिडकी, म्हणजे पडदे कायमचे ओढलेले. आठ बाय दहाचा चौक असला तर सगळ्या खोल्यांना आतूनच उजेड मिळेल. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून दुसरी आत येते. पेठांतले वाडे याच युक्तीवर उभे होते. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एप्रिलच्या भर दुपारीही ओसरीची फरशी पायाला गार लागायची. तुझी पणजी तिथेच सूप घेऊन गहू निवडत बसायची.

चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकू, असं कुणीतरी सुचवेलच. अजिबात ऐकू नका, उष्णता आत कोंडेल. चोराचिलटांसाठी लोखंडी जाळी पुरे. पाऊस आत येऊ दे. चौकाची फरशी खोल्यांपेक्षा सहा इंच खाली घ्या आणि ढाळ नीट काढून घ्या. मधे थोडी जागा फरशीविना ठेवून तिथे पारिजातक लावा, कुंडीत नाही, जमिनीत. उंबर-पिंपळ घराजवळ नकोत, त्यांची मुळं पाया पोखरतात.

आता उन्हाचं. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन बाहेरच राहतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा त्याच छज्जाखालून ऊन खोलीत शिरतं, आणि थंडीत ते हवंच असतं. त्रास पश्चिमेचा. सूर्य उतरल्यावर छज्जाचा उपयोग नाही, भिंत तापते ती रात्रीपर्यंत. तुमची बेडरूम नेमकी तिथेच आहे! जिना, बाथरूम, कपाटं त्या बाजूला घ्या आणि बेडरूम पूर्वेकडे. भिंत मात्र सबंध बंद करू नका. पावसाळी वारा आणि उन्हाळ्यातली संध्याकाळची झुळूक तिकडूनच येते. उंचावर झडपा ठेवा.

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास ६५ हजार लिटर पाणी होतं. ते गटारात सोडू नका. गाळून बोअरमध्ये उतरवायची पाइपलाइन आत्ताच नकाशात घाला, मागाहून तोडफोड होते.

रविवारी आर्किटेक्टकडे जाल तेव्हा एवढं विचारून घे: जिना पश्चिमेला गेला तर गच्चीचं दार कुठे येईल? कुरडया-पापडांची ताटं घेऊन वर जाता येईल एवढं ते रुंद हवं. फोन कर.

तुझी,
आई