‘शंभर टक्के सेफ’ म्हणून विकलेल्या टूलमुळे अकाउंट रिस्ट्रिक्ट झालं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्रिव्हन्स ऑफिसर (नाव तुमच्या साइटवर कुठेच सापडलं नाही म्हणून नुसतं पद लिहितेय)

विषय: लिंक्डइनवर माझ्या नावाने आपोआप रिक्वेस्ट आणि मेसेज पाठवणाऱ्या तुमच्या टूलचा वर्षाचा प्लॅन रद्द करून पैसे परत मिळणे आणि माझा डेटा काढून टाकणे

नमस्कार,

तुमच्या चॅटमधल्या बॉटशी चार वेळा आणि त्या ‘सक्सेस मॅनेजर’शी दोनदा बोलून झालंय, दरवेळी ‘टीमपर्यंत पोचवतो मॅडम’ एवढंच ऐकलं आणि टीमपर्यंत काहीही पोचलेलं दिसत नाही, म्हणून आता सगळं सविस्तर लिहून काढतेय. मोठं झालंय पण पूर्ण वाचा, अर्धं वाचून परत तोच हेल्प आर्टिकल पाठवू नका.

मी नाशिकला घरून प्लेसमेंटचं काम करते. एकटीच, स्टाफ वगैरे काही नाही, ऑफिस म्हणजे हॉलमधलं टेबल. सातपूर-अंबडच्या कंपन्यांना टूलरूमवाले, क्वालिटीवाले, सीएनसी प्रोग्रामर शोधून देते. आमच्या धंद्यात फी म्हणजे कँडिडेटच्या वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि माणूस जॉइन झाला तरच. तर लिंक्डइनचं अकाउंट हे माझं दुकान आहे असं समजा. अकरा वर्षांचं अकाउंट, ६,४०० च्या आसपास कनेक्शन्स, एकेक हाताने जोडलेलं.

६ फेब्रुवारीला तुमचा प्लॅन घेतला. २०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये. शिवाय इनबॉक्सचं अ‍ॅड-ऑन महिन्याला १,१८०, तेही ऑटोपेवर. डेमो देणाऱ्या मुलाला मी सरळ विचारलं होतं की अकाउंटला काही होणार नाही ना, तर तो म्हणाला, ‘मॅडम आपलं क्लाउडवर चालतं, ब्राउझरचं एक्स्टेन्शन नाही, त्यामुळे त्यांना कळतच नाही.’ आता मागे वळून बघताना वाटतं की ‘कळतच नाही’ ह्या शब्दालाच मी थांबायला हवं होतं, ज्यात लपवण्यासारखं काही नसतं त्याबद्दल असं कोण बोलतं. पण तेव्हा हातात सात पोझिशन्स उघड्या होत्या आणि क्लायंट रोज फोन करत होते, झालं, कार्ड काढलं.

मग सेटअप. तुम्ही पासवर्ड मागितला नाही, ब्राउझरमधून लिंक्डइनची सेशन कुकी कॉपी करून तुमच्या बॉक्समध्ये पेस्ट करायला सांगितली. मला वाटलं पासवर्ड देत नाही म्हणजे सुरक्षित. नंतर भाच्याने सांगितलं तेव्हा कळलं की ती कुकी ज्याच्याकडे तो लॉगिन न करताच मी बनून आत फिरू शकतो, म्हणजे घराची किल्ली दिली नाही पण दारच उघडं ठेवलं. त्याच रात्री मला नवीन साइन-इनचा मेल आला, ठिकाण फ्रँकफर्ट. मी तेव्हा कॉलेज रोडला भाजी घेत होते. तुमच्या चॅटने सांगितलं की हा आमचा सर्व्हर, इग्नोर करा. एकच माणूस एकाच वेळी नाशिकमध्ये मोबाइलवर आणि जर्मनीत सर्व्हरवर दिसला तर कुठल्याही साइटला शंका येणारच, ह्याला फार मोठी अक्कल लागत नाही, आणि तुमचा तर हाच धंदा आहे.

‘सेफ मोड’ तुम्हीच सेट करून दिलात, दिवसाला २५ इन्व्हिटेशन्स. आठवड्याचे होतात १७५. लिंक्डइन नेमका आकडा जाहीर करत नाही पण आमच्यात सगळे आठवड्याला शंभरच्या आसपासच धरून चालतात, आणि हे मी डेमोत बोललेही होते. त्यावर उत्तर असं की लिमिट आली की टूल समोरच्याचा ईमेल आयडी वापरून रिक्वेस्ट पाठवत राहतं. तो ‘लिमिट बायपास’चा स्विच आधीपासूनच चालू होता, मला विचारलं नव्हतं. १८ दिवसांत ४३७ रिक्वेस्ट गेल्या, स्वीकारल्या ६१ जणांनी. मी हाताने पाठवते तेव्हा निम्मे तरी स्वीकारतात कारण मी आधी माणूस काय करतो ते वाचते. बाकीचे पावणेचारशे पेंडिंगमध्ये लोंबकळत राहिले, काहींनी ‘ह्यांना ओळखत नाही’ केलं असणार, आणि असं प्रमाण वाढलं की अकाउंट नजरेत येतं हे तर कुणीही सांगेल.

आणि मेसेज! तुमचं टूल नावातला पहिला शब्द उचलतं. नावाआधी सीए लावणाऱ्या एका बाईंना ‘हाय सीए’ असं गेलं. आडनाव आधी लिहिणाऱ्या एका प्लँट हेडना, साठीला आलेला माणूस, रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी ‘हाय पवार’. अहो, आमच्याकडे त्यांना असं फक्त त्यांचे वर्गमित्र म्हणू शकतात. सगळ्यात कहर म्हणजे माझ्याच एका आठ वर्षांच्या क्लायंटला ‘तुमची प्रोफाइल पाहून प्रभावित झाले, ओळख करून घ्यायला आवडेल’ असा मेसेज गेला. सरांचा फोन आला, ‘ताई, आपण पहिल्यांदाच भेटतोय का?’ ते हसत होते म्हणून निभावलं. मी कॅम्पेन पॉज केलं तर चार दिवसांनी त्यांनाच फॉलोअप गेला, कारण तुमच्याकडे पॉज म्हणजे फक्त नवीन रिक्वेस्ट बंद, ठरलेले फॉलोअप चालूच. हे कुठे लिहिलंय? मला तरी दिसलं नाही.

इथपर्यंत मी सहन केलं असतं, खरंच. आपलीच हौस म्हणून सोडून दिलं असतं. माझी मुख्य तक्रार २४ फेब्रुवारीची आहे.

त्या दिवशी सकाळी लिंक्डइन उघडलं तर समोर सूचना, की तुमच्या अकाउंटवर ऑटोमेटेड टूल वापरल्यासारखं दिसतंय, ते बंद करा, नाहीतर अकाउंटवर मर्यादा येऊ शकते. स्पष्ट. मी घाबरून लगेच, ११ वाजून ५ मिनिटांनी, त्याचा स्क्रीनशॉट तुमच्या चॅटवर टाकला आणि विचारलं की सगळं काढून टाकू का. तुमच्या माणसाने लिहिलं (शब्दशः आहे, स्क्रीनशॉट जोडलाय): ‘नथिंग टू वरी मॅम, नॉर्मल वॉर्निंग आहे, कुकी रीकनेक्ट करा आणि स्पीड २५ चा २० करा.’ मी त्याच दिवशी अकाउंट डिस्कनेक्ट केलं असतं तर पुढचं कदाचित झालंच नसतं. तुम्ही मला थांबवलंत. २६ ला सकाळी अकाउंट रिस्ट्रिक्ट.

नंतर लिंक्डइनने ओळखपत्र मागितलं. आधार अपलोड केलं, त्यावर लग्नानंतरचं नाव, प्रोफाइलवर माहेरचं, कारण धंद्यात मला त्याच नावाने ओळखतात. नाव जुळत नाही म्हणून परत आलं. पॅनवरही सासरचंच. शेवटी कपाटातल्या लॉकरमधून जुना पासपोर्ट काढला, माहेरच्या नावाचा, नशिबाने ऑक्टोबरपर्यंत व्हॅलिड. अकाउंट परत मिळालं १४ मार्चला. सोळा दिवस! त्यात एक टूलरूम मॅनेजरची पोझिशन, १४ लाख सीटीसी, क्लायंटने दुसऱ्या कन्सल्टन्सीला दिली, कारण ज्या तीन कँडिडेट्सशी माझं बोलणं चालू होतं ते सगळं लिंक्डइनच्या इनबॉक्समध्ये अडकलं होतं आणि नंबर मी वेगळे लिहून ठेवले नव्हते (ही चूक माझी). फी झाली असती १,१६,६२०. हे मी तुमच्याकडे मागत नाहीये, जॉइन झालाच असता असं काही नसतं, पण तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.

लिंक्डइनबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या युजर अ‍ॅग्रीमेंटच्या ८.२ मध्ये बॉट आणि ऑटोमेटेड पद्धतीने कनेक्शन जोडायला, मेसेज पाठवायला मनाई सरळ लिहिलेली आहे, मी वाचली नव्हती, आता वाचली. पण तुम्ही तर रोज त्याच्यावरच जगता, तुम्हाला पाठ असणार. तरी होम पेजवर ‘१००% सेफ’ आणि ‘झिरो बॅन’, आणि टर्म्समध्ये खाली बारीक अक्षरात ‘अकाउंटच्या सुरक्षिततेची जबाबदारी युजरची’. दोन्हीपैकी एक काहीतरी खरं असेल ना.

रिफंड मागितला तर उत्तर आलं की सात दिवसांची मुदत संपली. त्या मेलची सुरुवातही ‘हाय फर्स्ट नेम’ अशी होती, खोटं वाटत असेल तर फॉरवर्ड करते. त्यात भर म्हणजे अकाउंट बंद असताना ६ मार्चला तुम्ही अ‍ॅड-ऑनचे १,१८० कापलेत. मी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेचं मँडेट स्वतः रद्द केलं, कारण तुमच्या साइटवर सबस्क्रिप्शन घ्यायला एक बटण आहे आणि सोडायला ‘कॉल शेड्यूल करा’.

आता मला काय हवंय. वर्षाच्या प्लॅनचे मी १८ दिवस वापरले, तेवढे कापा आणि उरलेले द्या, शिवाय ते ६ मार्चचे १,१८० पूर्ण. दुसरं, आणि हे पैशापेक्षा महत्त्वाचं, माझी कुकी, माझ्या कनेक्शन्सची नावं, ईमेल, मेसेज जे काही तुमच्या सर्व्हरवर उचलून नेलंय ते सगळं डिलीट करा आणि केल्याचं लेखी कळवा. त्या लोकांनी माहिती मला दिली होती, तुम्हाला नाही. (मी सगळीकडून लॉगआउट करून पासवर्ड बदललाय, तरी तुमचा सर्व्हर अजून आत जायचा प्रयत्न करतो की नाही हे तुम्हीच तपासा.) तिसरं, वॉर्निंग आली की ‘नॉर्मल आहे’ असं सांगणं तुमच्या सपोर्टने थांबवावं.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला पाहिजे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करणार आणि मग ग्राहक आयोगात. बिझनेससाठी घेतलंय म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं तुमचा वकील म्हणेल, म्हणून आधीच सांगते, २०१९ च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला त्यातून सूट आहे आणि माझ्या एकटीच्या कन्सल्टन्सीचं रिटर्न बघून ते कुणालाही कळेल.

सध्या मी परत हातानेच करतेय. रोज दहा-बारा, वाचून, आणि जुन्या पेंडिंगमधल्या रोज थोड्या मागे घेतेय, एकदा मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवडे परत पाठवता येत नाही, त्यामुळे तुमच्या ४३७ मधले जे खरंच कामाचे होते तेही आता एप्रिलवरच गेलेत.

सोबत बिल, २४ फेब्रुवारीचं चॅट, फ्रँकफर्टचा मेल आणि ६ मार्चची कपात, चारही स्क्रीनशॉट जोडलेत. उत्तर ह्याच मेलवर द्या. फोन करायचाच असेल तर दुपारी दोन ते चार सोडून करा, तेव्हा कँडिडेट्सचे इंटरव्ह्यू लागलेले असतात.

आपली,
प्लॅन अजून अ‍ॅक्टिव्ह दाखवत असलेली ग्राहक
नाशिक, २० मार्च