टाइपरायटर भंगारात देऊ नका

संपादक महोदय,
एका कार्यालयाने जुने टाइपरायटर किलोच्या भावाने भंगारात काढलेले पाहिले आणि जीव हळहळला. तीस वर्षे टंकलेखन करून पोट भरले आहे मी. घाईत दोन कळा एकदम दाबल्या की अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकायचे. ते सोडवताना बोटे शाईने काळी व्हायची.

या यंत्रामागची खटपट फार मोठी आहे. अमेरिकेत मिलवॉकीच्या शोल्स आणि त्यांच्या साथीदारांनी 1868 मध्ये पेटंट घेतले. बंदुका आणि शिलाई यंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टनने 1874 मध्ये यंत्र बाजारात आणले. त्यावर फुले रंगवलेली होती आणि ओळ बदलायला शिलाई यंत्रासारखे पायडल! उमटायची फक्त मोठी इंग्रजी अक्षरे, तीही कागद गुंडाळलेल्या रुळाच्या खालून. कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, उचलल्याशिवाय काय छापले ते दिसतच नसे. लहान अक्षरे आणि शिफ्टची कळ 1878 च्या मॉडेलमध्ये आली.

भारतात गोदरेजने 1955 मध्ये मुंबईत टाइपरायटर बनवला. निदान प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक चालू यंत्र ठेवावे, मुलांना कळा दाबू द्याव्यात.

– एक निवृत्त टंकलेखक, सातारा