पाड्यावरच्या सोलरला बॅटरी पाहिजे, पण शिशाची नको

नमस्कार मंडळी, आम्ही अक्राणी तालुक्यातल्या (धडगाव म्हटलं की लवकर कळतं) नर्मदाकाठच्या एका पाड्याची समिती. शाळेवरच्या सोलर प्लेटा अजून ठणठणीत आहेत पण बॅटऱ्या सगळ्या मेल्यात, त्यामुळे दिवसभर वीज वाया नि सातला अंधार असं चाललंय.

लेड ॲसिड बॅटरी आमच्याकडे टिकतच नाही. पावसाळ्यात सातपुड्यात दिवसेंदिवस ऊन नसतं, बॅटरी अर्धवट चार्ज राहते, मग आतल्या शिशाच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि तो घट्ट झाला की ती चार्जच घेत नाही. डिस्टिल्ड वॉटरसाठी धडगाव गाठावं लागतं म्हणून कोणीतरी झऱ्याचं पाणी ओततं, मग तर संपलंच. दुकानदार म्हणतो तुम्ही मेंटेनन्स करत नाही. बरोबर आहे त्याचं, पण देणगीत परत परत तीच बॅटरी येते त्याला काय करणार!

आता लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आम्हीच जोडणार आहोत. पाणी घालायची भानगड नाही. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे १२८० वॅट-अवर, आणि ९ वॅटचे १० बल्ब ५ तास लावले तर ४५० लागतात, म्हणजे दोन दिवस ढग असले तरी निघून जातं. इलेक्ट्रिक गाडीतले सेल मूळ क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांवर आले की गाडीला बाद होतात, आमच्या बल्बांना ते चिक्कार झाले. फक्त बीएमएसशिवाय (सेल जास्त चार्ज किंवा गरम होऊ न देणारं सर्किट) जोडणार नाही, घरं कुडाची आहेत, आग लागली तर संपलंच.

सोडियम-आयन बॅटरीवरही (लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी) डोळा आहे. पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेसोबत केलेली डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली, तिथे कोणाची ओळख असेल तर ट्रायलला आमचा पाडा तयार आहे, पण ती बाजारात येईपर्यंत पोरांची दहावी थोडीच थांबणार.

तर ३.२ व्होल्टचे टेस्ट केलेले सेल (फुगलेले प्लीज नको), बीएमएस, लिथियमवर चालणारा चार्ज कंट्रोलर (प्लेटांकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा), जे जमेल ते द्या. शंभर रुपये दिले तरी चालतील, बिलांचे फोटो टाकू. कोणी येऊन आमच्या आयटीआयवाल्या पोरांना सेल बॅलन्स करायला (सगळ्यांचं व्होल्टेज सारखं आणायला) शिकवलं तर सगळ्यात भारी, जेवायची-राहायची सोय आमच्याकडे. पार्सल शहाद्यापर्यंत पोचवा, पुढची जीप आम्ही बघतो, फक्त पावसाळ्याआधी.

आणि घरातली जुनी इन्व्हर्टरची बॅटरी पाठवू नका हो, ती दुकानात परत द्या आणि जे पैसे येतील ते आम्हाला पाठवा.