विहिरीकाठच्या अंजिराची छाटणी करण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
२८ सप्टेंबर

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मीठ्या, म्हणजे उन्हाळी बहाराची छाटणी तुम्ही आता सुरू कराल. त्याआधी हे तुमच्या वाचनात यावं म्हणून पत्राचा फोटो दादाच्या फोनवर पाठवतेय. पोस्टानं मूळ पत्र येईपर्यंत निम्मं रान उरकलेलं असेल. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही आणि मधेच वहिनी, पोरं, आई सगळ्यांशी बोलायचं असतं.

गेल्या शनिवारी इथल्या अंजीरवेड्या माणसांच्या मेळाव्याला गेलो होतो. तुमचे जावई आणि नातही आली होती. दर वर्षी सप्टेंबरअखेर, अंजीर भरात असताना, कुणा एकाच्या परसात ही माणसं जमतात. आपापल्या झाडांची फळं घेऊन येतात, कापून एकमेकांना चाखवतात, रोपांची देवघेव करतात. पैशाचा व्यवहार नाही. या वेळी एका निवृत्त गवंड्याच्या घरी जमले होते. त्यांचे आजोबा इटलीतल्या कालाब्रियातून आले. १८८० ते १९२० या काळात दक्षिण इटली आणि सिसिलीतून लाखो माणसं पोटासाठी न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे आली, आणि त्यातल्या कित्येकांच्या सामानात अंजिराच्या काड्या होत्या. म्हणून इथल्या जुन्या इटालियन वस्त्यांत अजूनही घरामागं एखादं अंजीर दिसतंच.

आप्पा, इथं अंजीर जगवायचं म्हणजे काय ते तुम्ही पाहायला हवं. जानेवारीत पारा उणे दहाच्या खाली जातो. तेवढ्या गारठ्यात अंजिराचं जमिनीवरचं लाकूड मरतं. मुळं वाचली तर मे महिन्यात बुडातून फुटवे येतात, पण त्यांना फळ धरून पिकेपर्यंत पुन्हा ऑक्टोबरची थंडी दारात येते. म्हणून जुने लोक झाड चक्क पुरतात. पानं गळून गेली की फांद्या सुतळीनं एकत्र बांधायच्या, एका अंगाची मुळं कुदळीनं तोडायची, बुडापासून लांब चर खणायचा आणि सबंध झाड हळूहळू वाकवून त्यात आडवं निजवायचं. वर फळ्या, पाचोळा, मग माती. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा उभं करायचं. ज्यांना एवढं जमत नाही ते झाडाला गोणपाट, जुनी सतरंजी, डांबरी कागद गुंडाळतात आणि शेंड्यावर बादली पालथी घालतात, म्हणजे पाणी आत उतरत नाही. नवे लोक कुंडीत लावून थंडीत गाडीच्या शेडमध्ये ठेवतात. त्या गवंडीबाबांचं वय झालंय, तरी वडिलांच्या हातचं मोठं झाड ते दर वर्षी पुरतात. आता मुलगा आणि शेजारी हात देतात. हे ऐकताना मला आपलं रान आठवत होतं. आपल्याकडं झाड थंडीनं मरेल ही भीतीच नाही.

लांब टेबलावर ताटल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीपुढं जातीचं नाव. फळाच्या चार फोडी करायच्या, आधी हिरव्या-पिवळ्या सालीची मधुर फळं खायची, मग लाल गराची, शेवटी काळी. मधे पाणी आणि साधा पाव. क्रम चुकला तर पुढची चव लागत नाही, यावर सगळे ठाम. सेलेस्ट नावाचं फळ बोराहून थोडं मोठं, तपकिरी, पण फार गोड. त्याचा डोळा, म्हणजे फळाच्या बुडाचं छिद्र, घट्ट मिटलेला असतो, त्यामुळं पावसाचं पाणी आणि किडे आत शिरत नाहीत. आपल्या पावसाळ्यातल्या खट्ट्या बहारात फळं फुटून आंबतात ना, तोच त्रास यांनाही आहे, कारण इथं सप्टेंबरात पाऊस असतो. म्हणून फळ हातात घेतलं की ही माणसं आधी डोळा बघतात. हार्डी शिकागो म्हणून एक जात आहे, मूळ सिसिलीतली, जांभळी, लाल गराची. ती थंडीनं जमिनीपर्यंत मेली तरी त्याच वर्षीच्या फुटव्यावर फळ देते, म्हणून इथं नवशिक्याला पहिली तीच देतात. पनाशे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं, दिसायला इतकं देखणं की नातीनं एक फोड खिशात घातली. आणि ब्लॅक मदेरा! आप्पा, याचा गर चमच्यानं काकवीसारखा ओढावा लागतो. त्याला लांब उन्हाळा लागतो, इथं तो मिळत नाही. ज्यानं आणलं होतं त्यानं कुंडी मार्चपासून काचघरात ठेवून मोजकी फळं पिकवली होती आणि ती सगळी त्यानं वाटून टाकली. एवढ्या कष्टाचं फळ अनोळखी माणसांच्या हातावर ठेवताना त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

दुपारपर्यंत जीभ आणि ओठ चुरचुरायला लागले. चिकाचा गुण. तोडणीच्या दिवसांत आईच्या बोटांची कशी सालं निघायची ते मी सांगितलं, तर सगळ्यांनी आपापले हात दाखवले.

एक गोष्ट मात्र तुम्हाला लिहायलाच हवी. अंजीर तोडल्यावर पिकत नाही. मऊ होतं, गोडी वाढत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत. पण पुण्याच्या मार्केट यार्डला रात्री गाडी जायची म्हणून आपण पहाटे कडक फळं तोडायचो आणि पानं घालून पाट्या भरायचो. गुलटेकडीला फळ दबलेलं गेलं तर भाव पडतो, त्यात कुणाचा दोष नाही. पण अंजीर पिकवणाऱ्या घरात असून बागेतलं पूर्ण पिकलेलं फळ आम्हा पोरांना मिळायचं ते पाखरांनी टोचलेलंच. इथली माणसं देठ वाकून फळ खाली लोंबेपर्यंत, सालीला भेगा पडून डोळ्याशी मधाचा थेंब येईपर्यंत थांबतात. मला ती चव ओळखीची वाटली. विहिरीकाठच्या झाडाची फळं तेवढी बाजारात जायची नाहीत, म्हणून ती झाडावरच पिकायची. तशी चव मी दुसरीकडं कुठंच खाल्ली नव्हती.

माझ्याकडं नेण्यासारखं फळ नव्हतं, म्हणून मी आपल्या पुरंदरची माहिती सांगितली. पुना अंजीर घंटेच्या आकाराचं, फिकट जांभळ्या सालीचं, गुलाबी गराचं. वर्षातून दोन बहार. उन्हाळ्यातला मीठा अधिक गोड. २०१६ मध्ये पुरंदर अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन बहार पाणी तोडून आणि छाटणी करून आपण हवे तेव्हा धरतो, हे ऐकून लोक खुर्च्या ओढून जवळ आले. लुइझियानाकडच्या एक बाई तांबेऱ्यानं हैराण होत्या. तिकडं दमट उन्हाळ्यात पानं गळून झाड बोडकं होतं. मी मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचं सांगितलं, आणि गळलेली पानं वेचून जाळायची तुमची सवयही.

एका मुलानं विचारलं, अंजिरात मेलेली माशी असते का? हा प्रश्न इथं फार चर्चिला जातो. त्याचं उत्तर तुम्हालाही आवडेल. उंबर फोडलं की आतून चिलटं निघतात, तशी अंजिराचीही एक चिमुकली माशी आहे, आणि काही जातींचं फळ तिनं परागकण नेल्याशिवाय धरतच नाही. तुर्कस्तानातलं स्मर्ना अंजीर तसं. कॅलिफोर्नियात ते लावलं तेव्हा कित्येक वर्षं कच्ची फळं गळून जायची. १८९९ मध्ये फ्रेस्नोला ती माशी आणून वसवली तेव्हा कुठं पीक हाती आलं. आपल्या पुना अंजिराला आणि या टेबलावरच्या एकाही जातीला माशी लागत नाही, फळ आपोआप धरतं. तेव्हा आईनं एकादशीला निर्धास्त खावं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

टेबलाच्या टोकाला काही ताटल्यांवर जातीचं नाव नव्हतं, नुसतं एखाद्या रस्त्याचं किंवा आडनावाचं. विचारलं तर कळलं, म्हातारं माणूस जातं, मुलं घर विकतात, नवा मालक परस सपाट करतो. त्या परसातलं अंजीर कोणत्या जातीचं ते कुणालाच माहीत नसतं, कधी ती जात तेवढ्या एका झाडापुरतीच उरलेली असते. म्हणून असं घर विकायला निघालं की ही माणसं दार ठोठावून काड्या मागतात आणि जिथून आणलं त्या रस्त्याचं नाव झाडाला देतात. तिथं मी एक फळ खाल्लं, हिरव्या सालीचं, आतून गर्द लाल. त्याचं मूळ झाड यंत्रानं उपटलं गेलं त्याला बरीच वर्षं झाली. पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात कुणीतरी काड्या नेल्या होत्या, आणि आज ते अंजीर कितीतरी परसांत उभं आहे. मूळ मालकाची मुलगी मेळाव्याला आली होती. तिनं ते खाल्लं आणि न बोलता दुसरी फोड घेतली.

आप्पा, आपल्या वनपुरीसह सात गावांचं नाव पुरंदरच्या नव्या विमानतळाच्या जागेत आलंय. तुम्ही रान सोडणार नाही म्हणता, ते मला पटतं, आणि त्यावर इथं बसून मी काही शिकवणार नाही. मोजणीचं जे व्हायचं ते होईल. पण विहिरीकाठचं झाड पणजोबांच्या वेळचं, पुना अंजिराहून मोठ्या फळाचं, आणि तसं झाड मी आपल्या शिवारात दुसरं पाहिलेलं नाही. ते एकाच जागी उभं आहे, याची मला काळजी वाटते. रान राहिलं तरी ते झाड एखाद्या वादळात पडू शकतं.

म्हणून या छाटणीत त्यालाही हात लावा. काड्या आठ-दहा महिन्यांच्या पक्क्या घ्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभराहून थोड्या लांब, फुटव्याचे तीन-चार डोळे असलेल्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. चीक सुकू द्या, मग पिशव्यांत माती, वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घालून निम्मी काडी आत जाईल अशा लावा. सावलीत ठेवा. पाणी बेतानं, नाहीतर मूळ फुटण्याआधी काडी कुजते. पानांवर पिवळे-हिरवे डाग असलेल्या फांद्या घेऊ नका, तो रोग काडीतून पुढं जातो. दादा मला म्हणाला होता, तिकडच्या चार काड्या बॅगेत घालून आण. ते होणार नाही, दादा. परवाना आणि निरोगी असल्याचा दाखला नसताना झाडाची काडी देशात आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात अंजिराची काळी माशी पहिल्यांदा सापडली, ती भूमध्य समुद्राकडची. आता तिथले बागवाले तिच्याशी झगडतायत. तसलं काही माझ्या बॅगेतून पुरंदरला यायला नको.

रोपं लागली की एका ठिकाणी ठेवू नका. सासवडला आत्याच्या दारात एक, दिवे गावच्या मामांच्या बांधावर दोन, आणि दोन-तीन घेऊन दादानं जाधववाडीच्या अंजीर-सीताफळ संशोधन केंद्रात जावं, तिथल्या लोकांना झाड दाखवावं. कुणी मागितलं तर नाही म्हणू नका. पिशव्यांना नावाच्या पट्ट्या लावाल तेव्हा त्यांवर पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन उन्हापावसात जातं. नाव पणजोबांचंच द्या.

आईचा गुडघा कसा आहे ते वहिनीनं खरं सांगावं, आई सांगत नाही. नात मराठी वाचायला शिकतेय, तिच्यासाठी दादानं झाडाचा आणि विहिरीचा फोटो पाठवावा. काड्या किती लागल्या ते दिवाळीनंतर कळवा.

तुमची लेक