स्कॅनच्या कागदावर औषधाचे नाव हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट औषध देतात. त्यालाच लोक ‘डाय’ म्हणतात. त्याच्या संमतीपत्रात ‘मासे किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे का?’ हा प्रश्न अजूनही अनेक ठिकाणी छापलेला असतो. सुंगटे (कोळंबी) किंवा कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्या की अंगाला खाज सुटते असे सांगणारे लोक आमच्या सिंधुदुर्गात गावोगाव भेटतात, त्यामुळे इथे तो फार अडचणीचा ठरतो. माझ्या मावशीने प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटले आणि पोटाची तातडीची तपासणी पुढे ढकलली गेली. सकाळपासून उपाशी बसलेल्या तिला घेऊन आम्ही तसेच घरी परतलो.

वस्तुतः सुंगटे-कुर्ल्यांची ॲलर्जी मुख्यतः त्यांच्यातील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते आणि आयोडीनशी तिचा काही संबंध नसतो. आयोडीन तर आपण रोजच्या मिठातून खातो. कोणतीही ॲलर्जी असणाऱ्याला डायचा त्रास होण्याचा संभव थोडा वाढतो, हे खरे; परंतु तेवढ्यासाठी स्कॅन अडवू नये, असे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचे मार्गदर्शनही सांगते.

खरा विचारायचा प्रश्न असा की, पूर्वी डाय दिल्यावर त्रास झाला होता का, आणि ती कोणती डाय होती? आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या कागदावर लाल शाईत फक्त ‘डायची ॲलर्जी’ एवढेच लिहिलेले आहे. आयोहेक्सॉल होते की आयोपामिडॉल, अंगावर गांधी उठल्या की श्वास कोंडला, की नुसती सर्वांगाला ऊब आली (जी बहुतेकांना येते आणि ॲलर्जी नसते), यांपैकी काहीच त्यावरून कळत नाही. नाव लिहिलेले असते तर पुढच्या डॉक्टरांना दुसरी डाय निवडता आली असती, आधी स्टिरॉइड द्यायचे का हे ठरवता आले असते. एमआरआयसाठी वापरले जाणारे गॅडोलिनियम हे तर वेगळ्याच जातीचे औषध आहे; पण अशा मोघम शेऱ्यामुळे रुग्ण त्यालाही घाबरतो.

जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत (1990) जुन्या आयनिक डायने 0.22 टक्के, तर आता प्रचलित असलेल्या नॉन-आयनिक डायने 0.04 टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला. म्हणजे धोका थोडा आहे, पण आहे. आणि तो बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच उद्भवतो. म्हणून गाडी सुटेल या घाईने रुग्णाला लगेच सोडू नये, आणि गंभीर ॲलर्जीवरचे ॲड्रेनालिन हे औषध मांडीत टोचू शकणारी व्यक्ती प्रत्येक केंद्रात हजर असावी.

जिल्हा शल्यचिकित्सकांनी सर्व स्कॅन केंद्रांसाठी संमतीपत्राचा सुधारित नमुना काढावा, आणि त्रास झालेल्या प्रत्येक रुग्णाला औषधाचे नाव, तारीख, लक्षणे व केलेले उपचार नोंदवलेले मराठी कार्ड देणे बंधनकारक करावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)